चाळीस रुपयांचा सेल आणि एक मेमो

मेमोवर सही करायला मी पेन उघडलं होतं. विषय असा: ‘कार्यालयीन कामातील वारंवार दिरंगाई व संगणक हाताळणीतील निष्काळजीपणा’. खाली तीन दिवसांत लेखी खुलासा मागवला होता. मसुदा माझ्याच सांगण्यावरून तयार झालेला. सही झाली असती तर तो कागद एका बाईंच्या सर्व्हिस फाइलमध्ये जाऊन बसला असता, आणि त्यांच्या रिटायरमेंटला उरले होते जेमतेम सात महिने.

मंडळी, या ब्लॉगवर मी एरवी डोंगर, बर्फ, जवान आणि मेसमधले किस्से लिहितो. आज विषय आहे ऑफिसातल्या जुन्या कंप्युटरच्या लॉगिनचा. नाक मुरडू नका. तुमच्यापैकी निम्मे पेन्शनर आहेत, आणि ‘इनव्हॅलिड क्रेडेन्शियल्स’ या दोन शब्दांनी तुमचं रक्त किती वेळा उकळलंय ते मला तुमच्या फोनांवरून माहीत आहे.

भिलईत येऊन मला सव्वा वर्ष झालं. राहायला सेक्टर १०. पोस्टिंगचं ऑफिस कुठलं ते लिहीत नाही, सेवेत असलेल्या माणसाने ते लिहूही नये. अर्धं लष्करी, अर्धं मुलकी असं ते ऑफिस आहे एवढं पुरे. आमचे मुलकी कर्मचारी इथलेच, बहुतेक कारखान्यातल्या कामगारांची मुलं. सोव्हिएत युनियनशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, त्या सुमारास विदर्भातून पुष्कळ माणसं इकडे आली. ज्यांच्यावर मेमो निघणार होता त्या मॅडमचे वडील त्यांतलेच, भंडाऱ्याकडचे. घरात मराठी, शाळा हिंदी, शेजार छत्तीसगढी. मी मराठी आहे हे कळल्यापासून त्या माझ्याशी मराठीतच बोलतात. त्यांची मराठी ऐकली की पुण्याची मंडळी हसतील. मला मात्र ती पहिल्या दिवसापासून आवडली.

तक्रार अशी होती: रोज सकाळी मॅडमचं लॉगिन होत नाही. साडेनऊला ऑफिस उघडतं आणि त्यांचं काम सुरू होतं अकराला. महिन्याची रिटर्न्स दोनदा उशिरा गेली, वरून विचारणा आली. देखभालीचा ठेका ज्यांच्याकडे आहे त्यांचं रजिस्टर मी मागवलं. त्यात तीन आठवड्यांत त्यांच्या नावावर अकरा कॉल, आणि नऊ कॉलांपुढे एकच शेरा: ‘यूजर एरर. पासवर्ड रीसेट केला.’ मी स्वतः एकदा सव्वादहाला त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. “टाका पासवर्ड.” त्यांनी टाकला. पहिल्या झटक्यात लॉगिन. मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असणार. त्या म्हणाल्या, “सर, पासवर्ड तं मले पाठ आहे जी. सकाळी सकाळी त्यालेच नाही समजत.”

मला ते कारण वाटलं. कारण म्हणजे एक्स्क्यूज या अर्थाने.

ही माझी घडण आहे, सांगून टाकतो. खडकवासल्याला तीन वर्षांत आम्हाला एक वाक्य हाडांत मुरवलं जातं: ‘नो एक्स्क्यूज, सर.’ सायकल पंक्चर झाली, नो एक्स्क्यूज. घड्याळ बंद पडलं, नो एक्स्क्यूज. अठरा वर्षांच्या पोराला जबाबदारी शिकवायला हे उत्तम आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनी तोच पोरगा खुर्चीवर बसतो तेव्हा समोरचा माणूस बिघाडाचं वर्णन करत असतो आणि खुर्चीवरच्याला ऐकू येते ती सबब. माझं तेच झालं. बाई रोज मला लक्षण सांगत होत्या आणि मी त्याला सबब समजत होतो.

मेमो टेबलावर होता त्या दिवशी एका इन्स्पेक्शनच्या तयारीसाठी मी नऊलाच ऑफिसात पोचलो होतो. मॅडमही आलेल्या. त्यांनी मेन स्विच चालू केला, कंप्युटरचं बटण दाबलं, पर्स ठेवली, आणि स्क्रीनकडे न बघता एक की दाबली. मी मागे उभा होतो म्हणून दिसलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी आल्या होत्या: सीमॉस चेकसम एरर, तारीख आणि वेळ सेट नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा.

“हे काय होतं?”

“ते रोजचंच आहे जी. त्या पोरानं सांगितलं, एफ१ दाबायचा आन् पुढं जायचं.”

मग लॉगिन. चुकलं. मॅडमनी ड्रॉवरमधून एक डायरी काढली आणि स्क्रीनवर आलेलं वाक्य अक्षर न अक्षर उतरवून घेतलं, वेळेसकट. मी डायरी मागितली. चार नोव्हेंबरपासून रोजची नोंद होती. ९.३४, ९.३६, ९.४१. आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत तेच इंग्रजी वाक्य: क्लायंट आणि सर्व्हर यांच्या तारखेत किंवा वेळेत फरक आहे.

मी चाट पडलो. ठेकेदाराचं रजिस्टर मी मागवून वाचलं होतं. ही डायरी माझ्यापासून वीस पावलांवर होती, आणि मी ती कधी मागितली नाही.

“हे तुम्ही त्या मुलाला दाखवलं नाही?”

“दाखवलं नं. तो म्हणे टाइमचा प्रॉब्लेम आहे. टाइम बराबर करून द्यायचा आन् जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच.”

मी इन्फन्ट्रीचा माणूस. कंप्युटरबद्दल माझं ज्ञान तुमच्याइतकंच. सिग्नल्समधल्या कोर्समेटला फोन लावला. तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, “मेमो फाड आणि सेल बदल.”

त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. कंप्युटरच्या पोटात, मदरबोर्डवर, एक रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो. नाव सीआर २०३२. कंप्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं आणि काही सेटिंग्ज लक्षात ठेवणं ही त्याची ड्युटी. पाच-सात वर्षांत तो मरतो. मेला तरी लगेच कळत नाही, कारण प्लगमधून वीज येत असली की मशीन बंद असतानाही थोडी वीज आत झिरपत राहते आणि घड्याळ चालतं. वीज पूर्ण तोडली की मात्र घड्याळ जन्मतारखेला परत जातं. आमच्या त्या मशीनसाठी ती होती १ जानेवारी २००९.

आता नेटवर्कचं लॉगिन. ऑफिसातले कंप्युटर एका सर्व्हरला जोडलेले असतात आणि ‘हा माणूस आपला’ हे तो सर्व्हर ठरवतो. त्यासाठी जी पद्धत वापरतात तिचं नाव कर्बेरॉस. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९८० च्या दशकात ती तयार झाली, आणि नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या पहारेकरी कुत्र्याचं. हा कुत्रा पासवर्ड तपासतो आणि सोबत घड्याळही तपासतो. तुमच्या मशीनची वेळ आणि त्याची वेळ यांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर तो दार उघडत नाही, पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी. पाच मिनिटं ही नेहमीची ठरलेली मर्यादा.

का? तर संत्री पोस्टवरचा प्रत्येक जवान याचं उत्तर देईल. “थम! कौन आता है?” आणि मग दिवसाचा पासवर्ड. तो ठरलेल्या वेळी बदलतो. कालचा पासवर्ड कुणी लपून ऐकला असेल तर आज त्याचा उपयोग होऊ नये म्हणून बदलतो. तुम्ही कालच्या तारखेत वावरत असाल आणि प्रामाणिकपणे कालचा पासवर्ड सांगितलात, तर संत्री तुम्हाला आत घेणार नाही, आणि न घेण्यात त्याची काहीच चूक नाही. आमच्या मॅडमचं मशीन रोज सकाळी २००९ सालातून उठून दारात उभं राहत होतं.

सर्व्हरशी जोडणी झाली की मशीन आपली वेळ हळूहळू त्याच्याशी जुळवून घेतं. कधी दहा मिनिटांत, कधी अर्ध्या तासात. म्हणून मी सव्वादहाला गेलो तेव्हा सगळं ठीक. आणि त्या दहा मिनिटांत वैतागून बाई पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकायच्या. जुना कीबोर्ड, नमलॉकचा दिवा गेलेला, उजवीकडच्या चौकोनातले आकडे दाबले तरी उतरायचे नाहीत, आणि स्क्रीनवर फक्त काळे ठिपके, त्यामुळे कळायचंही नाही. तिथे मात्र पासवर्ड खरोखरच चुकायचा. तीनदा चुकला की खातं लॉक. मग कॉल, मग रीसेट, मग ‘यूजर एरर’. त्या मुलाच्या फॉर्मवर तीनच रकाने आहेत: हार्डवेअर, सॉफ्टवेअर, यूजर. पासवर्ड रीसेट केला की रकाना आपोआप तिसरा.

आता उरला प्रश्न चार नोव्हेंबरचा. सेल तर केव्हाचा मेलेला असणार. मग त्याच दिवसापासून का? दिवाळीनंतर मी एक आदेश काढला होता. शेजारच्या एका इमारतीत शॉर्टसर्किट झालं होतं, म्हणून ऑफिस बंद करताना प्रत्येक टेबलाचा मेन स्विच बंद करायचा. आदेशाची तारीख ३ नोव्हेंबर. सही माझी.

संध्याकाळी सेक्टर १० च्या मार्केटात भाजी घ्यायला गेलो होतो तेव्हा घड्याळवाल्याकडून सेल घेतला. चाळीस रुपये. दुसऱ्या दिवशी आमच्या ड्रायव्हरने झाकण उघडून, पेचकसाच्या टोकाने जुना सेल उचकटून नवा बसवला. वेळ लागला सहा मिनिटं, त्यातली चार धूळ पुसण्यात गेली.

इथवरचा किस्सा झाला. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

आपल्या ऑफिसांतून एक पक्की समजूत आहे: लॉगिन झालं नाही म्हणजे माणूस चुकला. वय जास्त असेल तर निश्चितच चुकला. बाई असेल तर विचारायलाच नको. पन्नाशीपुढच्या क्लार्कला कंप्युटर ‘येत नाही’ हे आपण तपासून पाहत नाही, धरून चालतो. ज्या बाईने तीन आठवडे रोज वेळेसह एररचं वाक्य उतरवून ठेवलं, तिला कंप्युटर येत नाही. आणि ज्या मुलाने तेच वाक्य वाचून घड्याळ हाताने पुढे केलं आणि निघून गेला, त्याला येतो! बिघाड शोधण्याची पहिली पायरी म्हणजे नोंद ठेवणं. ती त्या संपूर्ण ऑफिसात एकाच व्यक्तीने केली होती आणि मेमो तिच्याच नावाने टाइप झाला होता.

दुसरी समजूत याहून सोयीची. मशीन जुनं आहे, नवं घ्या. माझ्या ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आता हजेरीसारखं वाटतं. यात तथ्य आहे हे आधी मान्य करतो, नाहीतर कुणीतरी मला जुन्या मशीनांचा वकील ठरवेल. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं, विंडोज १० चं १४ ऑक्टोबर २०२५ ला. अशी मशीनं नेटवर्कवर ठेवणं म्हणजे तारेच्या कुंपणात भोक ठेवण्यासारखं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, इंग्लंडातली हॉस्पिटलं ठप्प झाली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच निघालेला होता, पुष्कळांनी तो टाकलाच नव्हता. तेव्हा मशीनं बदलायला हवीत, आमची मागणी वर गेलेली आहे, आणि येतील तेव्हा मी नारळ फोडेन.

पण ‘जुनं आहे’ हे निदान नव्हे. सेल नव्या मशीनमध्येही असतो आणि नव्या मशीनचाही मरतो. नेटवर्कच्या वायरच्या टोकाची ती प्लास्टिकची चिमटी तुटली की वायर खुर्चीच्या धक्क्याने अर्धी बाहेर येते, आणि हे नव्या मशीनलाही तितकंच लागू आहे. दुसऱ्या एका टेबलावरचं तर औरच. मशीन बिघडलं की ठेकेदाराचा मुलगा ‘घोस्ट मारून’ द्यायचा. म्हणजे कधीतरी घेऊन ठेवलेली संपूर्ण डिस्कची नक्कल पुन्हा ओतायची. वीस मिनिटांत काम फत्ते, सगळे खूश. कुणाला माहीत नव्हतं की माणसासारखा मशीनचाही सर्व्हरशी एक गुप्त पासवर्ड असतो आणि मशीन तो साधारण दर ३० दिवसांनी आपणहून बदलतं. जुनी नक्कल ओतली की मशीनकडे जुना पासवर्ड परत येतो, सर्व्हरकडे नवा असतो, आणि स्क्रीनवर येतं की या कंप्युटरवरचा विश्वास उडाला आहे. शब्द खरंच तसेच आहेत, ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड. तीच नक्कल दोन मशीनांवर ओतली तर दोघांचं नाव एकच, मग एक आत आलं की दुसरं बाहेर. आमच्याकडे दोन माणसं आठवडाभर एकमेकांवर संशय घेत होती. इथेही शेरा ‘यूजर एरर’च.

पासवर्डचंही तेच. दर तीस दिवसांनी बदला, मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, मागचे पाच चालणार नाहीत. मग माणूस काय करतो? कीबोर्डखाली चिठ्ठी. असं ठराविक मुदतीने सक्तीने पासवर्ड बदलायला लावू नका, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्ये लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे सुरक्षेच्या नावाखाली अजून तीच कवायत चालते, आणि चिठ्ठी सापडली की मेमो.

आपण फौजी माणसं. आपल्याला हे शिकवायला नको होतं. एलएमजी चालता चालता थांबली तर सेक्शन कमांडर गनरला ‘तुला गन येत नाही’ असं म्हणत नाही. ‘गन जुनी आहे’ असंही म्हणत नाही. ठरलेली तुरंत कार्रवाई होते: कॉक कर, बघ, रोक कुठली ते ओळख, दूर कर. अंधारात, पावसात, रिक्रूटलाही हे हाताला पाठ असतं. चेंबरमध्ये अडकलेला खोका बघितल्याशिवाय कुणी गनरवर चार्ज लावल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि घड्याळाचं म्हणाल तर प्रत्येक ओ ग्रुपच्या शेवटी आपण काय करतो? घड्याळं मिळवतो. एच अवर सगळ्यांचा एकच असावा म्हणून. लेफ्टनंट असल्यापासून शेकडो वेळा मी “घड़ी मिला लो” म्हटलं असेल. पण समोर ‘वेळेत फरक आहे’ असं लिहून आल्यावर मला मेमो सुचला.

घड्याळाची चूक ही लहान चूक, असं वाटणाऱ्यांसाठी एक तारीख: २५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध. सौदी अरेबियात धाहरान इथे इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ सैनिक मेले. ते अडवायला पॅट्रियटची बॅटरी तिथेच होती आणि चालू होती. चालू होती हाच घोळ. शंभर तासांहून जास्त ती सलग चालू होती. तिचा कंप्युटर वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजायचा, आणि तो दहावा भाग कंप्युटरच्या शून्य-एकच्या हिशोबात नेमका बसत नाही, दरवेळी एक अतिसूक्ष्म कण सुटतो. शंभर तासांत सुटलेल्या कणांची बेरीज झाली साधारण ०.३४ सेकंद. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. रडार रिकाम्या आकाशात बघत राहिलं, पॅट्रियट उडालंच नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी १९९२ मध्ये याचा अहवाल दिला. त्यातला मला सगळ्यात बोचणारा भाग पुढचा आहे. इस्रायलींनी हा दोष दोन आठवडे आधी कळवला होता. २१ फेब्रुवारीला युनिटांना संदेशही गेला होता, की यंत्रणा फार जास्त वेळ चालू ठेवल्यास नेम सरकू शकतो. ‘फार जास्त’ म्हणजे किती तास, ते संदेशात नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर घड्याळ शून्यावर आलं असतं, मिनिट-दीड मिनिटाचं काम. सुधारलेलं सॉफ्टवेअर धाहरानला पोचलं २६ तारखेला.

आमच्या सेलमुळे कुणी मेलं नाही, तुलना मी ताणत नाही. पण ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ आणि ‘फार जास्त वेळ’ ही एकाच जातीची वाक्यं आहेत. इशारा दिला, आमची जबाबदारी संपली. समोरच्याला त्यातून काय करायचं ते कळलं की नाही, हे बघणं कुणाचंच काम नाही.

आणि भोगतो कोण? २०२२ च्या मे महिन्यातला गोंधळ पेन्शनर मंडळींना आठवत असेल. सुमारे ५८ हजार माजी सैनिक आणि कुटुंबियांची एप्रिलची पेन्शन महिनाअखेरीला जमा झाली नाही, कारण त्यांच्या हयातीची वार्षिक पडताळणी सिस्टिममध्ये नोंदलेली नव्हती. मग संरक्षण मंत्रालयाने एकदाची सवलत म्हणून २५ मेपर्यंत मुदत दिली आणि पैसे सोडले. कारणं वेगवेगळी असतील, सगळी लॉगिनची नसतील. पण माणूस हयात नाही आणि माणसाची नोंद झाली नाही, हा फरक त्या पडद्याला कळत नाही. तो पडद्यापलीकडे बसलेल्या माणसाने करायचा असतो. सेक्टर १० मधले माझे शेजारी कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. मी हा सगळा प्रकार त्यांना सांगितला तर म्हणाले, “फर्नेस में गड़बड़ हो तो पहले लॉगबुक पढ़ते हैं साहब, आदमी को बाद में पूछते हैं.” ज्या गावात लहान पोरालाही शिफ्टचं लॉगबुक माहीत आहे, त्या गावात बसून मी डायरी न वाचता मेमो टाइप करवला.

आता आमच्या ऑफिसात काही गोष्टी बदलल्यात. कॉल रजिस्टरमध्ये स्क्रीनवर आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहिल्याशिवाय कॉल बंद करता येत नाही, आणि खाली सही ज्याचा बिघाड होता त्याची लागते, दुरुस्त करणाऱ्याची एकट्याची नाही. ठेकेदाराची कुरकुर सुरू आहे, वेळ जातो म्हणे. जाऊ दे. शनिवारी अर्धा तास मेंटेनन्स परेड, गाड्यांसारखीच: धूळ, वायरीची चिमटी, नमलॉक, तारीख. कुठल्या मशीनवर एफ१ दाबावं लागतं, असं पहिल्याच शनिवारी सगळ्यांना विचारलं. एकोणीस मशीनांपैकी सहा हात वर आले. त्यांतल्या एकाने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला वाटायचं, कंप्युटर चालू करायची रीतच ती.

सहा सेलांची मागणी मी रीतसर वर पाठवली आहे. दोनशे चाळीस रुपये. एक ऑब्जेक्शन येऊन गेलं: सेल हा संगणकाचा सुटा भाग की स्टेशनरी? भाग असेल तर ठेकेदाराच्या करारात बसतो, स्टेशनरी असेल तर दुसऱ्या हेडमधून. मी उत्तर दिलंय, वाट बघतोय. दरम्यान घड्याळवाला मला बघितलं की आपणहून सेलचं पाकीट पुढे करतो.

मेमो मी फाडला. पण मॅडमनी परवा हळूच एक गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी, माझ्या आधीच्या काळात, दुसऱ्या एका टेबलावर असताना अशाच लॉगिनच्या भानगडीवरून त्यांना एक लेखी ताकीद मिळाली होती. ती फाइलमध्ये आहे. तेव्हाही त्या डायरी लिहीत होत्या. ती डायरी त्यांनी घरून आणून माझ्या टेबलावर ठेवली, खाकी कव्हर घातलेली. त्यातली वाक्यं मी वाचली. पान पान तेच: विश्वास उडाला आहे, विश्वास उडाला आहे. तारखा बघितल्या तर घोस्ट मारल्याच्या कॉलनंतरचे दिवस.

डायरीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून, ती ताकीद रद्द करावी असं मी वर लिहिलं आहे. जूनच्या आत उत्तर यायला हवं. मागच्या सोमवारी आठवणीचं पत्र गेलं, पोच अजून आलेली नाही.